दाराचा पिक्चर आणि इंगळे मास्तर

परवा मधल्या सुट्टीत मोबाइल बघता बघता शेख सर एकदम म्हणाले, "म्याडम, त्या पिक्चरवरून लोक अजून भांडून राह्यले." कोणत्या पिक्चरवरून, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या शाळेत ‘तो पिक्चर’ म्हटला की एकच. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं आणि आमच्यापैकी कोणालाच ते धड म्हणता येत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला ‘दाराचा पिक्चर’ म्हणायचो. शेख सरांनी त्याच्या दुसऱ्या भागावरची चार-पाच मतं वाचून दाखवली. एकाचं म्हणणं, पहिला भाग म्हणजे सोनं होतं, दुसऱ्या भागानं त्याची माती केली. दुसऱ्याचं म्हणणं, दुसरा पाहिल्याशिवाय पहिला कळतच नाही. त्याखाली दोघांनी एकमेकांची अक्कल काढली होती. वाचता वाचता शेख सर थांबले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. त्या खुर्चीवर आता पोषण आहाराची रजिस्टरं ठेवतात. इंगळे मास्तरांना जाऊन दीड वर्ष होत आलं.

आमचं गाव उंद्रीपासून आत, रस्ता संपतो तिथं. सातवीपर्यंतची शाळा आणि आम्ही चौघं: हेडमास्तर खर्चे सर, शेख सर, मी आणि इंगळे मास्तर. बाकी सगळे ‘सर’, फक्त इंगळे ‘मास्तर’, कारण ते याच गावचे. प्रल्हाद इंगळे. शाळेमागच्या गल्लीत त्यांचं घर, घरात ते आणि त्यांची म्हातारी माय. लग्न का केलं नाही, हे विचारलं की म्हणायचे, "मले कोनी मत देल्लं नाई, म्याडम. डिपॉझिट जप्त." हे उत्तर ते वीस वर्षं देत होते आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

मतदान हे मास्तरांचं वेड होतं. निवडणुकीचं नव्हे, वर्गातलं. ते विज्ञान शिकवायचे आणि कुठलाही प्रयोग करायच्या आधी पोरांची मतं घ्यायचे. बादलीत पाणी. हातात दोन संत्री, एक सालीसकट, एक सोललेलं. "कोनतं तरंगते आन् कोनतं बुडते? हात वर करा." फळ्यावर दोन रकाने, त्यात उभ्या रेघा. मग सगळ्यांदेखत संत्री पाण्यात सोडायचे. ज्यांचं मत चुकलं त्यांच्या रेघा ते कधी पुसायचे नाहीत, तास संपेपर्यंत फळ्यावर तशाच ठेवायचे. मात्र ज्यानं हातच वर केला नाही, त्याच्यावर भयंकर उखडायचे. "मत चुकलं त चालते. मत न देनं म्हंजे लबाडी. दुसऱ्याचं चुकताना पाह्यत बसतो का बे?"

एकदा तपासणीला साहेब आले होते. मास्तरांनी त्यांच्याही हाती संत्रं दिलं. साहेबांनी विचारबिचार करून सांगितलं, सोललेलं तरंगेल, ते हलकं झालंय ना. संत्रं बुडालं. मास्तरांनी शांतपणे चुकलेल्या रकान्यात एक रेघ ओढली आणि म्हणाले, "साहेबायनं मत तरी देल्लं." खर्चे सरांना त्या दिवशी दुपारचा डबा गेला नाही. साहेब मात्र जाताना सालीत हवा असते का काय असते, ते समजून घेऊन गेले.

दुसरं वेड पिक्चरचं, आणि तेही भलतेच पिक्चर. नाचगाणी नकोत, रडारड नको. आकाशात जाणारी यानं, त्यात शिरलेलं काहीतरी अभद्र, आणि एकेक करून संपत जाणारी माणसं. असला पिक्चर हिंदीत येऊन खामगावच्या टॉकीजला लागला, की रविवारी मास्तरांची मोटारसायकल निघालीच. सोमवारी मधल्या सुट्टीत आम्हाला अख्खा पिक्चर ऐकावा लागे. मला असल्या गोष्टींचा तिटकारा. मी म्हणायची, "अहो, जेवताना तरी रक्त सांगू नका." त्यावर त्यांचं म्हणणं, रक्ताचं भेवच वाटत नाही. टॉकीजमध्ये लोक डोळे झाकतात, त्याचं मास्तरांना फार हसू यायचं. ते स्वतः कानात बोटं घालून, डोळे टक्क उघडे ठेवून बसायचे. "भेव कानातून आत जाते, म्याडम. कान बंद केले का नुसतं चित्र राह्यते."

आणि पिक्चर सांगतानाही मतदान चालायचंच. ऐन मोक्याच्या जागी भाकरीचा घास हातात धरून ते थांबायचे. "आता सांगा. तुमी काय केलं असतं?" आम्ही तिघांनी हात वर केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही. खर्चे सर तर जेवण लवकर उरकावं म्हणून न ऐकताच हात वर करायचे.

दाराचा पिक्चर आला तो लॉकडाऊनच्या आदल्या हिवाळ्यात. गोष्ट साधी होती. लांब कुठल्यातरी ग्रहाकडे निघालेलं यान. त्यात एक काळी बुरशी शिरते. ज्या माणसाला ती लागते त्याच्या अंगावर काळे डाग उठतात आणि मग त्याच्या तोंडून बुरशीच बोलते, अगदी त्याच्याच आवाजात, गोड बोलून दार उघडायला लावते. यानाची कप्तान एक बाई. तिचा नवरा बाहेर गेलेला परत येतो, त्याच्या हातावर काळा डाग असतो. आत नऊ माणसं. तो दार वाजवत राहतो, "मी बरा आहे, उघड." बाई दार लावते. त्याचा आवाज थांबेपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी राहते, आणि पिक्चर संपतो.

"दार लावलं ते बराबर केलं का?" मास्तरांनी विचारलं. आमचे तिन्ही हात वर. मास्तरांचाही. ते म्हणाले, "कप्तान असावी त अशी. रडली, पन रुल मोडला नाई." त्या दिवशी आम्ही पुन्हा डब्याकडे वळलो आणि तो विषय तिथंच संपला.

चार महिन्यांनी लॉकडाऊन लागला. गावानं शिवेवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केला. बाहेरून आलेल्या माणसानं घरी न जाता चौदा दिवस शाळेत राहायचं, असं गावच्या समितीनं ठरवलं. शाळेची किल्ली मास्तरांकडे, कारण आमच्यात गावचे तेच. माझी खोली गावातच भाड्यानं होती, म्हणून नोंदवही माझ्याकडे. लोक मास्तरांच्या पाया पडले, भांडले, शिव्या दिल्या, पण त्यांनी कोणासाठी नियम वाकवला नाही. सरपंचाचा जावई आला, तोही पाचवीच्या वर्गात झोपला. तेव्हा गावाला त्यांचं मोठं कौतुक वाटलं होतं.

मग गजानन आला. मास्तरांचा धाकटा भाऊ, सुरतला कापडाच्या कारखान्यात होता. अर्धी वाट ट्रकनं, अर्धी पायी. भर उन्हात काट्यांपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, मायले दुरून पाहू का?" माय दम्याची. मास्तर म्हणाले, "चौदा दिवसांनं पाह्य." आणि त्याला चौथीच्या वर्गात ठेवलं. मास्तर रोज दोन वेळा डबा खिडकीत ठेवायचे, चार पावलं मागे सरकायचे, मग तो घ्यायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, पाय फार ठणकतात. मास्तर म्हणाले, "एवढा चालत आला, ठणकतीनच." चौथ्या दिवशी ताप आला. तेव्हा ताप म्हटलं की एकच गोष्ट डोक्यात यायची. तपासणीवाल्यांना निरोप गेला, ते येऊन नाकातला नमुना घेऊन गेले. पाचव्या दिवशी गजानन खिडकीशी येऊन म्हणाला, "भाऊ, मले घरी ने. मले ते नसन." मास्तरांनी मला हे नंतर जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्याडम, मले त्याचा आवाज आयकून त्या पिक्चरातल्या दाराचीच आठोन आली. मी कानात बोटं घातले."

सहाव्या दिवशी सकाळी डबा तसाच राहिला. गाडी आली, त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेलं, तिकडंच चार अनोळखी माणसांनी त्याचं सगळं केलं. मायला तोंडही दिसलं नाही. दोन दिवसांनी मास्तरांच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. निगेटिव्ह. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, की त्याला शुगर असावी, त्याची त्यालाच खबर नसेल. चालून चालून तळपायाला जखम झाली, ती चिघळली आणि विष अंगभर गेलं. लवकर आणला असता तर वाचला असता, असंही म्हणाले.

मास्तरांनी तो रिपोर्ट आम्हा तिघांना दाखवला आणि हात जोडले. "मायले कळू देऊ नका." आम्ही शब्द दिला. माय समजून होती, की गजाननला कोरोनानं नेलं, त्यात कोणाचं काही चालत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माह्या प्रल्हादनं लय केलं. दोन टाइम डबा नेऊन देल्ला." ती असं म्हणाली की मास्तर बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसायचे.

शाळा पुन्हा सुरू झाल्या. मास्तर संत्र्यांचे प्रयोग करू लागले, पण नवे पिक्चर त्यांनी सोडून दिले. आम्हाला वाटलं, सुटलं ते वेड. सुटलं नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या दुपारी डबा उघडून न जेवता बसायचे आणि अचानक विचारायचे, "त्या बाईनं दार लावलं ते बराबर केलं ना?" आम्ही तिघं लगेच हात वर करायचो. एकमेकांकडे न बघता. मास्तर मोजायचे, तीन, आणि जेवायला लागायचे. आम्ही माणुसकी म्हणून करत होतो. आज वाटतं, ते आमच्या मताची वाट बघत होते आणि आम्ही त्यांना वर्षानुवर्षं फसवत राहिलो.

मग दुसरा भाग आला. मास्तरांनी मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि रविवारी दुपारच्या खेळाला आम्हा तिघांनाही चला म्हणाले, तिकिटं मी काढतो. खर्चे सरांना गुडघ्यांनी वाचवलं. शेख सर आणि मी गेलो. मी जन्मात तसला पिक्चर पाहिला नव्हता, पण त्यांना एकटं जाऊ द्यायचा धीर झाला नाही. टॉकीज निम्मी भरलेली, बरीचशी कॉलेजची मुलं. पिक्चरभर मास्तर कानात बोटं घालून बसले होते. मध्यंतरानंतर ती बाई, आता म्हातारी, त्या जुन्या यानात परत जाते. दारापलीकडच्या भिंतीवर नवऱ्यानं मरताना काहीतरी लिहून ठेवलेलं तिला सापडतं. हातावर लागलं ते इंजिनाचं तेल होतं. बुरशी नव्हतीच. दाराबाहेर जिवंत, धडधाकट माणूस होता.

टॉकीजमध्ये एकच गलका झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे काय हाये हे!" कोणी शिट्ट्या मारल्या, पुढच्या रांगेतले दोघं उठून चालू लागले. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी कानातली बोटं काढली होती.

खेळ सुटल्यावर बाहेर कचोरीच्या गाडीवर नुसता राडा. एक चष्मेवाला मुलगा तावातावानं सांगत होता, "पह्यल्या भागाची वाट लावली यायनं. अरे, ते बाई हिरॉइन होती, तिले गुन्हेगार करून ठेवलं." त्याचा मित्र म्हणाला, "हेच त खरं भेव हाये बे. बुरशीचं कायचं भेव? आपन बराबर होतो असं वाटून राह्यलं, आन् आपन नव्हतोच." तिसऱ्याला तर तेलाचंच पटत नव्हतं, तेल आणि बुरशी कप्तानाला ओळखू येत नाही का म्हणे. मास्तर त्या घोळक्यात शिरले. पोरांना वाटलं, कोणी हौशी काका आहेत. त्यांनी विचारलं, "दार लावलं ते बराबर का चूक? हात वर करा बरं." पोरांनी हसत हसत हात वर केले. बारा ‘बरोबर’, अकरा ‘चूक’. मास्तरांनी दोनदा मोजले. कचोरीवाला तेवढा राहिला होता, त्यालाही विचारलं. तो झारा हलवत म्हणाला, "म्या कुठी पाह्यला पिक्चर? पन कायले उगंच मानसं मारता बाप्पा, दार लावाच्या पह्यले पाहून तर घ्या." परतीच्या वाटेवर शेख सरांनी दोनदा हवापाण्याचं काढून पाहिलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मास्तरांनी खर्चे सरांना दुसरा भाग सांगितला. पाच मिनिटांत, रक्ताशिवाय. मग उठले, ऑफिसातल्या फळ्यावर वेळापत्रक होतं ते पुसून दोन रकाने आखले आणि वर लिहिलं, ‘बरोबर’, ‘चूक’. "आता पुरं माईत झालं हाये. आता द्या मत."

खर्चे सरांचा हात सवयीनं वर गेला. शेख सरांनी मान खाली घालून हात वर केला. "बराबरच होतं, मास्तर. उस टाइमपे जो दिखा, वो किया." बरोबरच्या रकान्यात दोन रेघा पडल्या. मी बसून राहिले. माझा स्वभाव तापट, हे सगळे जाणतात, पण तो राग नव्हता. मला इतकी वर्षं हात वर करून करून वीट आला होता.

"म्याडम?"

"मला नका विचारू, मास्तर."

"मत न देनं म्हंजे काय, पोट्ट्यायले काय सांगतो मी?"

मी म्हणाले, "दार लावलं हे चुकलं नाही. पण लावायच्या आधी तिनं जवळ जाऊन त्याचा हात पाहायला पाहिजे होता. एकदा तरी."

"मंग रेघ कुठी मारू?"

मी ‘चूक’कडे बोट केलं. खर्चे सर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी कोणाच्या कानशिलात लगावली होती. मास्तरांनी रेघ ओढली. मग तिच्याशेजारी आणखी एक ओढली, स्वतःची. "दोन-दोन झाले," म्हणाले. रुमालानं हात पुसले आणि खुर्चीत बसून घाम टिपला. मला भीती वाटली. मी त्या क्षणी ती रेघ परत मागितली असती, पण ते म्हणाले, "मायले सांगाचं हाये. मले एकट्याले जमनार नाई. तुमी येता?"

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. माय ओट्यावर सुपात तूर निवडत होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. फोन, रिपोर्ट, डॉक्टर, तळपाय. लहान मुलानं पाठ केलेला धडा म्हणावा तसं, एका दमात. म्हातारीचा हात सुपात थांबला.

"म्हंजे त्याले ते नव्हतंच?"

"नाई."

"तो म्हने का, मले घरी ने म्हून?"

"म्हने."

"त्याचे पाय तू पाह्यले नाई?"

"नाई, माय."

मला वाटलं, आता ही त्यांना शिव्याशाप देईल. देईल तर बरं, असंही वाटलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "ते खोली दाखव मले."

त्यानंतर मास्तर वर्षभर होते. शाळेत येत होते, शिकवत होते, मला नेहमीसारखंच ‘म्याडम’ म्हणत होते. मत कधी मागितलं नाही, पोरांचंही नाही. थंडीत एका पहाटे छातीत कळ आली आणि गेले. मी त्यांचं सांत्वन केलं की घाव घातला, हे मला कळलेलं नाही आणि आता सांगणारंही कोणी नाही. खर्चे सर म्हणतात, विचार करू नका. मी करते. आणि मला मास्तर आठवतात ते त्यांच्या तिरडीवरचे नव्हेत, त्या संध्याकाळचे.

उन्हं उतरली होती. म्हातारीचा हात धरून मास्तर रिकाम्या मैदानातून चालले होते, मी मागे. शाळेत पोरं शिकली, निवडणुकीत मतं पडली, लसीसुद्धा टोचल्या गेल्या, पण माय गजानन गेल्यापासून इकडं फिरकली नव्हती. मास्तरांनी चौथीच्या वर्गाचं कुलूप काढलं. भिंतीवर पाढे आणि फळांची चित्रं. "कुठी निजे तो?" तिनं विचारलं. मास्तरांनी दारातूनच खिडकीखालची जागा दाखवली. ती आत गेली, त्या फरशीवर बसली, फरशीवरून हात फिरवला. मग गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली, मोठ्यानं, जसं त्या वर्षी कोणालाच रडता आलं नव्हतं. मास्तरांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याशी उभे राहिले.

"प्रल्हाद," ती आतून म्हणाली, "ये ना आत. मी एकलीच किती रडू?"

मास्तर चौकट धरून उभेच होते. तिनं पुन्हा हाक मारली.